चौथा हात

आता मधात कोणी बोलू नका, पूर्ण ऐका. वाशिमले पुसद नाक्यापाशी एक कृषी केंद्र आहे, खाली खतं-औषधं आन् वरच्या माळ्यावर भाऊसिंग सरचं सॉफ्टवेअरचं ऑफिस. ऑफिस म्हणजे काय, एक खोली, एक पंखा आन् कोड लिहायले एकच कम्प्युटर. माणसं तीन. रिठदचा उत्कर्ष, वाशिमातलाच दानिश, आन् मानोऱ्याकडची पल्लवी. अडत दुकानात सोयाबीनची गाडी काट्यावर चढते ना, तिचं वजन, ओलाव्याची कपात, पावती, हे सगळं ज्याच्यावर चालते ते सॉफ्टवेअर या तिघांचं. पार केनवडच्या बाजारापर्यंत चालते ते.

कम्प्युटर एक, म्हणून पाळी. दानिश मागून खुर्ची हलवायचा, "उठ ना बे आता, खुर्ची भी गरम हो गयी." उत्कर्ष म्हणायचा, "झालंच." आन् पल्लवी डबा उघडून बसायची, "तुमी भांडा दोघं, मी ठेचा संपवतो."

आता कोड बदलला की त्याची नोंद पडते. कोणी बदलला, कधी बदलला, काय बदललं, सगळं राहते त्याच्यात. पण या तिघांनी कधी आपापलं नाव टाकलंच नाही. कम्प्युटर विकणाऱ्यानं त्यात 'ऑफिस' असं नाव टाकून देलं होतं, तेच राहून गेलं. सगळा इतिहास एकाच नावाचा. ऑफिसनं लिहिलं, ऑफिसनं बिघडवलं, ऑफिसनंच नीट केलं. दानिश हसायचा, "अपना ऑफिस बडा मेहनती है यार."

एक दिवस भाऊसिंग सरनं उत्कर्षले चहाच्या टपरीवर नेलं. एकट्यालेच.

"हे पाह्य, आता एआयवाला सहायक आला. एक मानूस आन् तो, भागते काम. पन आपल्या कोडाची त्याले काही म्हायती नाही. एका जागी हात लावते, दुसऱ्या जागी फोडते. मी आयकलं का जुना इतिहास वाचून त्याले शहानं करता येते. कर तू तसं. बाहेर काही पाठवाचं नाही, आपल्याच मशीनवर कर." मंग सरनं कपातला चहा हलवला. "आन् त्याच्यातून हेबी काढ, कोनाचा हात कितीक आहे. ज्याचा जास्त तो राहीन. बाकीच्या दोघाईले मी सांगतो."

"सर, त्याईले सांगू का हे?"

"काहून? तुले राह्यचं नाही काय?"

तुम्ही म्हणसान, तोंडावर नाही म्हणायचं होतं. पण उत्कर्षची माय, भागिरथा, सरकारी दवाखान्यात डायलिसिसवर आहे. उत्कर्ष तिले रिठदहून गाडीवर बसवून आणते, नळ्या लागल्या की ऑफिसात येते, सुटली की घेऊन जाते. जन्मभर लोकाच्या वावरात निंदण केलेली बाई, पाटी-पेन्सिल कधी हातात धरली नाही, आन् पोरगं कम्प्युटरवर बसते म्हणून शेजारच्या खाटेवरच्या बाईले सांगत राहते. पुण्याले जायचं म्हणजे तिले सोडून जायचं. नोकरी पाहिजे त वाशिमातच, आन् वाशिमात त्याच्यासाठी हे एकच ऑफिस.

त्यानं बनवलं. दोस्तांना म्हणला, सहायकासाठी बनवून राह्यलो. तेवढं खोटं नव्हतं. त्याचा प्रोग्राम इतिहास पार बुडापासून वाचायचा. कोणत्या दोन फायली नेहमी सोबत बदलतात, कोणत्या भागाले हात लावला की दुसऱ्या दिवशी अडत्यांचे फोन येतात, असं सगळं काढून थोडक्यात लिहून ठेवायचा. सहायकानं ते वाचलं आन् काय सांगू! काल पावतीची वाट लावणारा तो, आज आधीच सांगायले लागला, 'पावती बदलायची असेल तर वजनाची फाईलही पाहा, दरवेळी दोन्ही सोबत बदलल्या आहेत.'

"ये तो अपने से होशियार निकला," दानिश म्हणला.

"मले त भेव लागते याचं," पल्लवी म्हणाली आन् हसली.

मंग उत्कर्षनं हात वेगळे करायले घेतले. नाव एकच, म्हणून सवयीवरून. पल्लवी लांबलचक नावं देते. दानिश प्रत्येक नोंदीत 'ठीक किया भाई' लिहिते. उत्कर्ष स्वतः जागोजागी रिकाम्या ओळी सोडते. प्रोग्रामनं ढीग पाडले आन् खाली लिहिलं:

हात: चार.

त्याले वाटलं, चुकलं. पुन्हा चालवलं. चारच.

चौथ्या हाताचं काम थोडं होतं, पण सगळ्याचं काळीज तेच होतं. ओलाव्याची कपात. ओलं सोयाबीन काट्यावर आलं त किती वजन सोडायचं, हा हिशोब दुसऱ्या कोणाच्या सॉफ्टवेअरले एवढा बरोबर जमतच नव्हता, त्याच्यावरच तर यांचं ऑफिस उभं होतं. त्या कोडात एक रिकामी ओळ नाही, एक फालतू अक्षर नाही, नोंदीत एक शब्द नाही. आन् सहायक म्हणायले लागला, 'या भागाचा जाणकार चौथा हात आहे. बदल करण्याआधी त्याला विचारा.'

उत्कर्ष मनातल्या मनात हसला. काहून की ते त्यानंच लिहिलं होतं! चांगलं याद होतं त्याले. दुपार. लाईट गेलेली. पंख्याची पाती थांबलेली. खालून औषधाचा कडू वास, खिडकीच्या काचेवर गांधीलमाशी टकरा मारून राह्यली, टेबलावर अर्धा पेरू, तिखट-मीठ लावलेला. तो एकटाच होता. हिशोब एकदम डोक्यात उतरला आन् त्यानं न थांबता लिहून काढला.

त्यानं नोंदीची तारीख पाह्यली. मंग मोबाईलमधले त्या तारखेचे फोटो उघडले.

त्या तारखेले तो अकोल्यात होता. मायच्या हाताचं डायलिसिससाठी ऑपरेशन होतं. फोटोत माय पट्टी बांधलेला हात वर धरून बसली आहे आन् बाजूले तो. फोटो दुपारचाच.

दुसऱ्या दिवशी त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं, "ते कपातीचं कोनी लिवलतं बे?"

"मी," दानिश म्हणला.

"मी," पल्लवी म्हणाली.

दोघं हसले.

"चल ना," पल्लवी म्हणाली, "मस्करी नोको करू. मले अजून दिसून राह्यलं. लाईट गेलती. मी एकटीच होती."

"तू एकटी? अरे मैं अकेला था! इतकी गर्मी, आन् वो मख्खी..."

"काचीवर," पल्लवी म्हणाली.

"गांधीलमाशी," दानिश म्हणला. त्याचं हसू अर्ध्यातच राह्यलं. "आन् टेबलावर..."

"पेरू."

"आधा."

उत्कर्षनं त आपलं काहीच सांगतलं नव्हतं. नोंदीची तारीख पाह्यली त त्या दिवशी दानिश होता बाळापूरले, लायबाच्या लग्नात, त्याच्या बहिणीच्या. पल्लवी होती अमरावतीले, परीक्षेले. ऑफिसले कुलूप होतं त्या दिवशी.

पल्लवीनं डब्याचं झाकण हळूच ठेवलं. "लाईट नव्हती त कम्प्युटर कसा चालू होता?"

इन्व्हर्टर त यंदाच बसवला. नोंद त्याच्या आधीची.

मंग दानिश बारीक आवाजात म्हणला, "पीछे कोई खडा था ना?"

पल्लवीनं मान हलवली. "मी पाह्यलं नाही वळून."

उत्कर्षनंही पाह्यलं नव्हतं.

त्याच दुपारी सरचा फोन आला, "निघालं काय कोनाचा हात ते?" उत्कर्ष कम्प्युटरसमोर बसला. त्यानं प्रोग्राममधी एकच ओळ टाकली. चौथा हात म्हणजे उत्कर्ष. मनाले समजावलं, मले याद आहे ना, मंग माझंच. याद त त्या दोघांनाही होतं. पण त्यांच्या माया घरी धडधाकट होत्या.

आता सगळ्यात मोठा हात त्याचा झाला. त्यानं ते सरले पाठवून देलं.

सरनं दोघांना सोमवारी सांगतलं. दानिशनं आपला माऊस काढला, वायर गुंडाळली, खिशात कोंबला. "मुबारक हो भाई," एवढंच म्हणला. नेहमी बडबडणारा माणूस, जिना उतरला तरी एक जोक नाही.

पल्लवी दारात थांबली. "तू सांगतलं असतं ना, त मीच गेली असती रे. तुह्या मायचं मले मालूम नाही काय?"

त्यानं खाली पाह्यलं. तिच्या चपलांचा आवाज जिन्यावरून रस्त्यापर्यंत गेला.

मंग तो एकटा. खुर्ची त्याचीच, कोणी मागून हलवत नव्हतं. काही दिवस बरं चाललं. आन् मंग केनवडहून एका अडत्याचा फोन आला, मदनसिंग म्हणून. "काय करून राह्यले तुमी? कपात उलटी येऊन राह्यली! कोरडा माल कटून राह्यला, ओला तसाच चालला. आज नीट नाही झालं त दुसऱ्याचं सॉफ्टवेअर घेतो मी."

सरचाही फोन आला मागोमाग. "तुनंच लिवलं ना ते? मंग वेळ काहून लागते? नाही जमत त सांग, मी कोनी दुसरा पाहतो."

उत्कर्षनं तो कोड उघडला. एक अक्षर समजेना. वाचू जाय त ओळी डोळ्यांपुढून सरकून जात. त्यानं सहायकाले विचारलं, चूक कुठं आहे?

सहायकानं लिहिलं, 'या भागाचा जाणकार उत्कर्ष आहे. त्याला विचारा.'

त्यानं दुसऱ्या शब्दांत विचारलं. 'उत्कर्षला विचारा.'

मायची डायलिसिसची वेळ होती. तो सरच्या लॅपटॉपवर कोड घेऊन दवाखान्यात गेला आन् तिच्या खाटेपाशी स्टुलावर बसला. मशीन घुरघुरून राह्यली. तांबड्या नळ्या तिच्या हातातून जाऊन राह्यल्या. माय डोळे मिटून पडली होती.

तो ओळी वरखाली करत राह्यला.

"तिथं नाही," माय म्हणाली.

त्यानं मान वर केली. तिचे डोळे मिटलेलेच.

"खालच्या वळीत पाह्य. मोठा-ल्हान उलटं पडलं."

त्यानं खालच्या ओळीत पाह्यलं. लहान-मोठ्याची खूण उलटी होती. त्यानं ती फिरवली. कपात बरोबर आली.

"माय. तुले कसं कळलं?"

"म्याच त लिवलं ते." झोपेतल्यासारखं बोलून राह्यली. तिचा मोकळा हात चादरीवर होता, बोटं एकएक करून चादरीवर टेकत होती, उचलत होती. "दुपार होती. लाईट नव्हती. माशी कशी आपटून राह्यली होती काचीवर, बिचारी."

बाजूच्या खाटेवरची बाई तिच्याकडं पाहायले लागली.

त्याले विचारायचं नव्हतं. पण विचारून गेला.

"माय, मांगं कोन उभं होतं?"

"कोन म्हंजे? तूच त होता, बाबू."

मशीन घुरघुरली.

"मी म्हनलं बस ना, पाय दुखतीन. तू बसलाच नाही. एकएका मानसाच्या मांगं जाऊन उभा राहे, आन् ओठातल्या ओठात हात मोजत जाये."