वेणूताईंचं कपाळ

सभागृहातलं तैलचित्र आपली शाळा काढणाऱ्या वेणूताई सबनीसांचंच, असं नववीतली स्वरदा अख्ख्या वर्गाला छातीठोकपणे सांगून बसली होती. आणि आता ते चित्र भिंतीवरून उतरायची वेळ आली होती. वेणूताईंची रोजनिशी सापडली होती ना! तीत स्वच्छ लिहिलं होतं, ‘आज चिताऱ्याने माझी चंद्रकोर रंगविली, नथही.’ चित्रातल्या बाईंचं कपाळ मात्र कोरं, नाक मोकळं. मग या कोण? खरं-खोटं करायला मुख्याध्यापकबाईंनी स्वरदाला सोमवारपर्यंत मुदत दिली.

रविवारी स्वरदाचे शास्त्रज्ञ आजोबा त्यांचं ‘कासव’ घेऊन आले. कासव म्हणजे चित्रावरून सरकत क्ष-किरण (डोळ्यांना न दिसणारे, वस्तूच्या आरपार जाणारे किरण) सोडणारा चिमुकला यंत्रमानव. पलीकडे पोचलेले किरण टिपायला चित्रामागे एक पाटी लावली. हाडं दिसतील का, असं स्वरदानं विचारलं, तर आजोबा हसतच सुटले.

पडद्यावर करडा चेहरा उमटला. कपाळावर पांढरी चंद्रकोर! नाकाशी पांढऱ्या ठिपक्यांचं कडं. स्वरदा गोंधळली. कुंकू लाल असतं, हे पांढरं कसं? कासव बिघडलं की काय?

क्ष-किरणांना रंग कळत नाही, जडपणा कळतो, आजोबांनी समजावलं. चंद्रकोर हिंगुळाची (पाऱ्यापासून केलेला लाल रंग), मोती शिशाच्या पांढऱ्या रंगाचे. पारा आणि शिसं दोन्ही जड. किरणांना अडवतात, म्हणून तिथे पांढरं दिसतं. वर कुणीतरी फासलेला मातकट रंग हलका, त्यातून किरण सहज निसटतात.

म्हणजे वेणूताईच! स्वरदानं उडीच मारली. मग थबकली. फासला कुणी?

आजोबांनी रोजनिशीची पुढची पानं उलटली. दोन वर्षांनी वेणूताईंचे यजमान वारले, आणि घरच्यांनी चिताऱ्याला पुन्हा बोलावलं. नवरा गेला की बाईचं कुंकू पुसायचे तेव्हा.

“पण आजोबा, चित्राचा नवरा कुठे मेला होता?”

आजोबांनी पडद्यावरची प्रतिमा छापून घेतली.

ती पाहून मुख्याध्यापकबाई खूश झाल्या. वरचा रंग काढून टाकू या, म्हणाल्या. स्वरदाला तेही पटेना. मग झाकलं होतं हे कुणाला कळणार? शेवटी चित्र तसंच ठेवून शेजारी क्ष-किरणांची प्रतिमा लावायचं ठरलं.

पुढच्या वर्षीचं कासव रंगही ओळखेल, असं आजोबा घरी जाताना म्हणाले.

“आणि असं का केलं, ते?”

“त्याला माणूस लागतं,” आजोबा म्हणाले. “दहावीनंतर काय करायचं ठरवलंयस?”