राज्य विरुद्ध हरिदास

"केस नंबर घेऊन या दीदी, मग निकालाची नक्कल मागा," असं म्हणून खिडकीतल्या बाबूने पुढच्या माणसाचा कागद ओढून घेतला.

पूर्णिमाचं डोकंच फिरलं. सकाळपासूनची ही तिसरी खिडकी! ती तरातरा मागे वळली आणि दाणकन एका पोराच्या अंगावर आदळली. त्याच्या हातातला चहा त्याच्याच पांढऱ्या शर्टावर सांडला.

"दिसत नाही का?" ती ओरडली. चूक तिचीच होती, पण आज ती कोणाच्या बापाचं ऐकून घेणार नव्हती.

"दिसते ना," तो शर्ट झटकत म्हणाला. "म्हणूनच तं सरकलो नाही."

काय म्हणावं अशा माणसाला! तिला हसू आलं असतं, पण तिने ते गिळून टाकलं.

त्याचं नाव प्रफुल्ल. रायपूरच्या कोर्टाच्या फाटकाशी त्याचं टायपिंगचं टेबल होतं. "बस इथं," तो खुर्ची पुसत म्हणाला. "नंबर मी काढून देतो. कोणाची केस आहे?"

आणि मग पूर्णिमाचा बांध फुटला. तिचे बाबा, हरिदास, रेल्वेतून रिटायर झालेले. आयुष्यात कोणाला 'अरे'सुद्धा न म्हणणारा माणूस. समता कॉलोनीतल्या शिशिरशी तिचं लग्न जमून साक्षगंध ठरलं होतं. पण शिशिरच्या काकांना, चारुदत्तरावांना, भारी हौस! त्यांनी मोबाईलवर कोर्टाची वेबसाइट उघडली, आपल्या होणाऱ्या व्याह्याचं नाव टाकलं, आणि निघालं — राज्य विरुद्ध हरिदास. खुनाचा प्रयत्न. साल २०११. निकाली. आडनाव नाही, पत्ता नाही, पण पोलीस ठाणं पूर्णिमाच्याच भागातलं. झालं! दोन ओळींचा मेसेज आला, संबंध तुटला. शिशिर मूग गिळून बसला. आणि बाबांनी तेलीबांधा तलावावर फिरायला जाणं सोडलं.

"काल बाबा मले म्हणते, पोरी, एवढे लोक बोलून राहिले तं पाहून घे एकदा," पूर्णिमा म्हणाली. "स्वतःवरच शंका घेऊन राहिला माहा बाप! सांग, हे काय माणसासारखं वागणं आहे? फोन करून विचारता नसतं आलं?"

"निकाली म्हणजे केस संपली, एवढंच," प्रफुल्ल हळूच म्हणाला. "माणूस सुटला का अडकला, ते निकालपत्रात असते. अन् ते वाचाले कोण येते?"

"तो गुंडा सुटो नाहीतर सडो, मले काय करायचं? मले फक्त दाखवायचं आहे का तो माहा बाप नाही."

प्रफुल्लची बोटं कीबोर्डवर थांबली. "गुंडाच असन... कशावरून?"

"नाव आहे ना तिथं!"

साल आणि ठाणं टाकून त्याने नंबर काढला, अर्ज टाइप केला. केसशी संबंध नसलेल्या माणसाला नक्कल हवी तर कारण लिहायचं, शपथपत्र जोडायचं आणि जजसाहेबांच्या परवानगीची वाट बघायची. पक्षकार असेल त्याला मात्र अशी परवानगी लागत नाही. हे सगळं त्याने असं समजावलं की तिला वाटलं, हा पोरगा कोर्टातच लहानाचा मोठा झाला असावा.

परवानगी काही येईना. साहेब रजेवर. पूर्णिमा रोज येऊ लागली. रोज त्या दुसऱ्या हरिदासला शिव्या देऊ लागली आणि रोज प्रफुल्लच्या टेबलावरचा चहा पिऊ लागली.

"तू रोज काहून येते?" चौथ्या दिवशी त्याने विचारलं. "फोन करत जा ना."

"फोनवर भांडता येत नाही."

"अन् भांडण संपल्यावर?"

"...तेव्हाचं तेव्हा पाहू." ती एकदम दुसरीकडे बघू लागली. कान तापले होते तिचे. ऑक्टोबरच्या उन्हाने असेल, तिने स्वतःला सांगितलं. खोटं होतं ते.

आठव्या दिवशी त्याने न बोलता शिक्का मारलेली नक्कल तिच्यापुढे ठेवली. तिने अधाशासारखी पानं उलटली. आरोपीचा पत्ता वेगळा, त्याच्या वडिलांचं नाव वेगळं. "पाहा! पाहा!" ती ओरडलीच. मग शेवटचं पान. आरोपी त्या वेळी घटनास्थळी नव्हताच. दोषमुक्त.

दोषमुक्त? म्हणजे तो दुसरा हरिदाससुद्धा...

तिने पहिलं पान पुन्हा उलटलं. अर्जदाराच्या जागी तिचं नाव नव्हतंच. तिथे लिहिलं होतं, 'हरिदास, आरोपी स्वतः'. आणि खाली, 'नक्कल घेणारा : प्रफुल्ल, मुलगा'.



"तुहे... बाबा?"

"गोदामावर चौकीदार होते. मारामारी मालकाच्या पोरांनी केली, नाव चौकीदाराचं लिहिलं गेलं. सहा वर्षं मी त्यांच्यासोबत तारखांना आलो, म्हणून तं इथंच टेबल टाकलं."

"अन् मी आठ दिवस त्यांना गुंडा म्हणत होती, तू चहा पाजत राहिला! सांगता नाही आलं? जीभ झडली होती का तुही?" तिला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. तिनेही नावच पाहिलं होतं. काकांमध्ये आणि तिच्यात फरक तो काय राहिला?

"सांगितलं असतं तं तू उठून गेली असती," तो म्हणाला. "माह्या तीन सोयरिका मोडल्या, पूर्णिमा. तिघांनीही वेबसाइट पाहिली. निकाल कोणीच नाही मागितला. तू... शिव्या देत का होईना, वाचाले आली. पहिलीच." मग नजर टेबलाकडे वळवून, "बाबाले सांगितलं तं त्यांनी लगेच सही केली. म्हणाले, एका तरी पोरीचं भलं होऊ दे."

तिला तिथेच रडू कोसळलं.

त्याच संध्याकाळी ती समता कॉलोनीत गेली आणि नक्कल चारुदत्तरावांच्या टेबलावर आपटली. काकांनी चष्मा लावून पत्ता वाचला. "अरे, हे तर दुसरेच! गैरसमज झाला बेटा. साक्षगंधाची तारीख..."

"शेवटचं पान वाचा काका. हा हरिदासही निर्दोष आहे."

"असेल. त्याच्याशी आपल्याला काय करायचं?"

"मले करायचं आहे," पूर्णिमा म्हणाली आणि उठली.

"पूर्णिमा, ऐक ना," शिशिर पहिल्यांदाच बोलला.

"एवढे दिवस कुठं होता?" तिने विचारलं. उत्तर ऐकायला ती थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा टेबलाशी हजर. प्रफुल्लने डोळे विस्फारले. "आता कोणाची केस?"

"माही. उद्या तुह्या बाबाले माह्या बाबासोबत तलावावर फिराले पाठव. तुह्या बाबाची माफी मागायची आहे मले. अन् तू..." ती अडखळली. "तूही येत जा. तुह्याशी भांडल्याशिवाय मले आता जेवण जात नाही."

"एवढंच?"

"एवढंच नाही... समजून घे ना, पोट्ट्या!"

त्याने समजून घेतलं.

वर्षभराने दोघं लग्नाच्या नोंदणीच्या खिडकीशी उभे होते. बाबूने अर्जावर नजर टाकली आणि तो परत ढकलला. "दोनों तरफ एकच पिता लिहिला मॅडम. गलत आहे, फिरून भरा."

प्रफुल्ल पेन काढू लागला. पूर्णिमाने त्याचा हात धरला आणि तो सोडलाच नाही.

"गलत नाही भैया," ती म्हणाली. "आडनाव वाचा, पत्ता वाचा. पूर्ण वाचा!"

बाबूने वैतागून मान वर केली. "यात हरिदास कोण?"

मागच्या बाकावरून दोघांचेही बाबा एकदम उठले. "मी."