पहिल्या पानावरची अखिला

वेबसाइट उघडली की बघणारा पाच सेकंदांत ठरवतो, थांबायचं की पुढं जायचं. म्हणून माझी एक पद्धत आहे. पहिलं पान तयार झालं की कुणालाही समोर बसवायचं, पाच सेकंद पान दाखवायचं, लॅपटॉप मिटायचा आणि विचारायचं, "काय दिसलं?" समोरचा सांगेल ते खरं, बाकी सगळी डिझायनरची हौस. तंजावूरला राजवाड्यामागच्या गल्लीत बारा वर्षं मी हाच धंदा करतोय. या परीक्षेनं मला कधी तोंडघशी पाडलं नव्हतं.

तुळजाजी माझा मेहुणा, धाकट्या बहिणीचा, अखिलाचा नवरा. ओरत्तनाडूच्या रस्त्याला, कालव्याकाठी, नारळाच्या बागेत त्यानं पर्यटकांसाठी घर बांधलं. "मच्चान, पान असं कर की माणूस बघताक्षणी खोली मागेल," म्हणाला. मच्चान म्हणजे तमिळमधे मेहुणा; त्याच्या बोलण्यातला तो हुकूम मला कधीच आवडला नाही. पण बहिणीचं घर, नाही कसं म्हणणार?

फोटो मीच काढले. सकाळी साडेसातचं ऊन, लाल फरशीचा ओटा, साखळ्यांचा झोपाळा आणि दाराशी ओवाळणीचं ताट घेतलेली अखिला. उकाडा मरणाचा, तरी तिनं पदर गळ्याभोवती घट्ट गुंडाळलेला.

"सोड गं तो पदर, सर्दी झालेल्या म्हातारीसारखी दिसतेस," मी म्हटलं.

तिनं आधी नवऱ्याकडं पाहिलं. मग पदर सोडला. मी पटापट वीसेक फोटो काढून घेतले.

ऑफिसात येऊन फोटो चौपट मोठा केला, तेव्हा तिच्या गळ्यावर चार बोटं दिसली. जांभळी, एकाशेजारी एक. झोपाळ्याच्या साखळीची सावली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. साखळी तिच्या डावीकडं होती आणि ऊन उजवीकडून येत होतं. मला ते कळत होतं, खोटं कशाला बोलू? शेजारची चांगली कातडी उचलून मी त्या बोटांवर चिकटवली. दहा मिनिटांचं काम होतं.

पान तुळजाजीला पाठवलं. लगेच त्याचा फोन आला.

"ही कशाला मधे? काढून टाक तिला. घर दिसू दे."

मागं अखिला काहीतरी बोलली. मग भांडं आपटल्यासारखा आवाज झाला आणि फोन बंद पडला. मी चडफडलो, त्याला दोन शिव्या घातल्या आणि तिला काढून टाकलं. तिच्या जागी चुन्याची भिंत भरली. काम इतकं सफाईदार झालं की स्वतःची पाठ थोपटावीशी वाटली. आता लाज वाटते, पण तेव्हा तसं वाटलं खरं.

गुरुवारी सकाळी वत्सलाला बसवलं. ती माझ्याकडं वेबसाइटचा मजकूर लिहिते. पाच सेकंद झाले. लॅपटॉप मिटला.

"काय दिसलं?"

"घर, झोपाळा, ती बाई." तिनं नाक मुरडलं. "हातांना मरुदाणीची मेंदी जरा जास्तच झालीय, सर. कोपरापर्यंत ओघळलीय."

"कुठली बाई?"

"अय्यो, चेष्टा करता काय? दाराशी आहे ती!"

मी लॅपटॉप उघडला. तिनं कोऱ्या भिंतीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "ही काय!"

हिचं डोकं फिरलंय, असं समजून मी वरच्या मजल्यावरच्या बाळकृष्णरावांना हाक मारली. निवृत्त पोस्टमास्तर, सत्तरी उलटली तरी चष्म्याशिवाय पेपर वाचतात. त्यांना मी काहीच सांगितलं नाही. पाच सेकंद पुरे व्हायच्या आधीच ते खुर्ची सरकवून उभे राहिले.

"अहो सेतुराम, असलं काय लावलंत पहिल्या पानावर? तो तिला केसांना धरून मागं ओढतोय! हातात अरुवाळ आहे, नारळ तोडायचा कोयता!"

"कोण तो?"

"त्याचं तोंड अंधारात आहे. ती मात्र तुमच्याकडंच बघतेय."

मी पुन्हा पाहिलं. भिंत होती.

अखिलाला फोन लावला. वाजून वाजून थांबला. पुन्हा लावला, तेव्हा उचलला. नुसता श्वास ऐकू येत होता.

"अखिला, घराबाहेर पड. आत्ताच्या आत्ता. मी निघालोय."

"अण्णा," ती हळूच म्हणाली, "मला काढलंस होय रे?"

मग एक आवाज आला. कोवळा नारळ फोडताना येतो तसा. आणखी एक. आणखी एक.

अर्ध्या तासाचा रस्ता मी कसा कापला, आठवत नाही. आठवतो तो उघडा दरवाजा.

तुळजाजी झोपाळ्यावर बसला होता. मांडीवर कोयता, हातात फोन, फोनवर माझं पान.

"बघ मच्चान, कसं मोकळं दिसतंय घर."

अखिला दाराशी पडली होती. जिथं मी भिंत भरली होती, बरोबर तिथं. हात कोपरापर्यंत लाल. चार बोटं उमटावीत एवढा गळा उरलाच नव्हता.

मी ओवाळणीचं पितळी ताट उचललं आणि त्याच्या तोंडावर हाणलं. दात फरशीवर उडाले. पुन्हा हाणलं. ताट दुमडेपर्यंत हाणत राहिलो. बागेतल्या माणसांनी मला ओढून बाजूला केलं, नाहीतर त्याच्यासाठी तुरुंगाची गरज पडली नसती.

तेराव्याला आईनं फोटो मागितला. "ताट घेतलेला, दाराशी काढलेला, तोच दे." मी कॅमेऱ्यातलं कार्ड लावलं. त्या फोटोंना मी कधी हातही लावला नव्हता. वीसही फोटोंत ओटा होता, झोपाळा होता, दार होतं. तिच्या जागी चुन्याची भिंत होती.

"आई, फोटो मिळत नाही गं."

आईनं चष्मा लावला, पडद्यापाशी आली. "ही काय समोर! किती छान आलीय माझी पोर."

तिनंच तो छापून घेतला. आता तो समोरच्या भिंतीवर आहे. चंदनाचा हार घातलेली भिंत मी रोज बघतो.

काल काच पुसता पुसता आई म्हणाली, "सेतू, तुझं ऐकते ती. गळ्यावरचा हात काढ म्हणावं. बोटांतून ओघळतंय, माझं फडकं रोज लाल होतं."