काठीच्या खुणांची एकच ओळ

आमच्या चर्चमधून बाहेर पडताना वेदीकडे कुणी पाठ करत नाही. तोंड आत ठेवायचं आणि उलट पावलं टाकत उंबरा ओलांडून थेट फाटकापर्यंत जायचं. आम्हाला लहानपणापासून सवय, नवखे धडपडतात.

त्या सकाळी मी कॅमेरा घेऊन घुमट, दगडात कोरलेले क्रूस, खालची धुक्यातली दरी असं सगळं टिपत होते. युद्ध हरल्यामुळे कराबाखमधलं आमचं गाव दुसऱ्या दिवशी शत्रूच्या ताब्यात जाणार होतं. पण खरं काम होतं वार्सेनिकमावशीला सोबत नेण्याचं. सीमेपलीकडे गोरिसला राहणाऱ्या आईने मला आणि दादाला बजावलं होतं, "तिच्याशिवाय तोंड दाखवू नका."

मावशी जन्मभर याच चर्चमध्ये गायली. "मी नाही येत," ती म्हणाली. "इथे मग गायचं कुणी? कावळ्यांनी?"

"तुझ्यापेक्षा बरं गातील," हायकाझदादा म्हणाला. "चल, गाडी चालू ठेवलीय."

तिने त्याच्या पाठीत काठी हाणली आणि हसली. "एक स्तोत्र म्हणते. मग न्या कुठे न्यायचं ते."

ताज्या बर्फातून आम्ही तिघं आत गेलो. तिने सूर लावला आणि त्या गारठलेल्या दगडांना जणू ऊब आली. देव ऐकत असेल तर असाच सूर ऐकत असेल. गात गातच ती आमच्याबरोबर उलट पावलांनी बाहेर आली. तिचे ओठ मिटले. आत सूर मात्र अंमळ रेंगाळला. घुमट आवाज धरून ठेवतो, हे मला ठाऊक होतं.

दादाने दार ओढून घेतलं. दोघं गाडीत बसल्यावर मी फाटकातून शेवटचा फोटो काढला: बंद दार, समोरची वाट.

एरवी वळणावळणाला गुणगुणणारी मावशी गोरिस येईपर्यंत गप्प होती.

आईने दारातच बहिणीला मिठी मारली आणि लगेच हात काढून घेतले. "अगंबाई, किती गार पडलीयेस!"

चहा होईपर्यंत मी कॅमेऱ्यात फोटो बघत बसले. शेवटचा आला. बर्फातली सगळी पावलं दाराकडे तोंड करून होती. परक्याला वाटेल, सगळे आत गेले, बाहेर कुणीच आलं नाही. मला हसू आलं.

मग फोटो मोठा केला.

माझी पावलं जातानाची आणि येतानाची. दादाचीही तशीच.

मावशीची एकदाच. शेजारी काठीच्या खुणांची एकच ओळ.

मी दादाला दाखवलं.

"त्याच खुणांवर पाय ठेवत आली असेल," तो म्हणाला.

"उलट चालत? काठीसुद्धा?"

त्याने कॅमेरा माझ्या हातात परत दिला.

"मावशी," मी हाक मारली. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "जरा गा ना. आईला ऐकायचंय."

ती जवळ आली. वाकून फोटोतल्या बंद दाराकडे बराच वेळ बघत राहिली.

"दार नीट लावलंस ना रे, हायकाझ?" तिने मायेने विचारलं. "तिला थंडी सोसत नाही."