गुंडाळी सैल का झाली?

दवाखान्यात मृण्मयीचा पाय एका जागी ठरत नव्हता. दारापाशी जायची, काचेला नाक लावायची, परत पडद्याकडे यायची. सकाळी चंद्रावरच्या त्यांच्या वसाहतीत सौरवादळाचा इशारा आला, तेव्हा तिची आई बाहेर अँटेना दुरुस्त करत होती. आत पोहोचायला तिला वीस मिनिटं लागली, तोवर घातक किरणांचा मारा तिला बसला होता. आता ती काचेपलीकडे झोपली होती आणि तिच्या रक्तातली एक पांढरी पेशी पडद्यावर भलीमोठी होऊन दिसत होती.

"तांबोळीकाका, लवकर या! मघाशी हा धागा घट्ट होता, आता सुटत चाललाय. आईची पेशी उसवतेय!"

वसाहतीचे डॉक्टर तांबोळी धावत आले. पडद्याकडे बघून त्यांनी सुटकेचा सुस्कारा सोडला. "उसवत नाही गं. कामाला लागलीय."

"हे कसलं काम? थांबवा ना!"

"ऐक तर. एका पेशीत सुमारे दोन मीटर डीएनए असतो. तो मावावा म्हणून हिस्टोन नावाच्या रिळासारख्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. या सगळ्या गुंडाळीला म्हणायचं क्रोमॅटिन. किरणांनी तो धागा काही ठिकाणी तुटलाय."

"मग सैल कशाला करायचा? आणखी विस्कटेल!"

"चादरीची घडी आहे, आत भोक पडलंय. घडी न मोडता रफू करशील?"

मृण्मयी पहिल्यांदाच थांबली. "नाही. सुई पोचणारच नाही."

"तेच तर! तुटलेल्या जागच्या हिस्टोनवर रासायनिक खूण उमटते. हे हिरवे ठिपके त्याच खुणांचे. त्यांच्या मागावर दुरुस्ती करणारी प्रथिनं येतात, गुंडाळी सैल होते, टोकं जोडली जातात. मग गुंडाळी परत आवळते आणि खूण पुसली जाते."

तिनं ठिपके मोजले. एकतीस. जेवणानंतर एकोणीस. संध्याकाळी चार. ते चार मात्र हलेचनात.

"यांचं काय?"

"काही तुटलेल्या जागा अवघड असतात. जुळल्या नाहीत, तर बहुतेक वेळा ती पेशी मरते आणि शरीर नवी घडवतं. पण अशा जागी आपण मदत कशी करायची, ते अजून नीट कळलेलं नाही."

"कुणालाच?"

"कुणालाच नाही."

काचेपलीकडे आईनं डोळे उघडले, हात किंचित उचलला. मृण्मयी धावली.

"आई, सत्तावीस जुळले!" ती ओरडली. "चार राहिलेत. मी बघतेय त्यांच्याकडे!"