चारुलताआजींच्या दाराची साखळी

दर शनिवारी दुपारी मी चारुलताआजींकडे जायची. आमच्या बोनकोडे गावापासून त्यांची सोसायटी चालत जवळच. पोलीस चौकीतल्या अंकुश हवालदाराने आम्हा काही बायकांना पोलीस मित्र केलं, तेव्हा एकटी राहणारी म्हातारी माणसं आम्ही आपसात वाटून घेतली. आजी माझ्या वाट्याला आल्या. नवरा नाही, मुलगा परदेशात. जायचं, दोन शब्द बोलायचे, औषधं आहेत का बघायचं, एवढंच काम.

मध्यंतरी पलीकडच्या सेक्टरमध्ये गॅसवाला म्हणून घरात शिरलेल्या माणसाने एका म्हातारीच्या बांगड्या ओरबाडून नेल्या. तेव्हापासून मी आजींच्या मागेच लागले. दाराची साखळी काढायची नाही. ओळखीचा आवाज आला तरी नाही, गोड बोललं तर मुळीच नाही. मी एखाद्याला समजावायला बसले की सोडत नाही, माझा नवरा तर हात जोडतो. आजी हसून विचारायच्या, "आणि तू आलीस तर?"

"मी आले तरी नाही," मी ठणकावून सांगायची.

त्या शनिवारी लाइट गेली होती, म्हणून जिना चढत गेले. पॅसेजमध्ये काळोख, फिनेलचा वास, आणि त्यातच गवती चहाचा वास येत होता. म्हटलं, चला, आजींनी आधीच आधण ठेवलंय. दार वाजवलं. फटीएवढं उघडलं, साखळी लावलेलीच. फटीतून आजींचा एक डोळा दिसला.

"कोण पाहिजे?"

"आजी, मी रंजिता."

त्या नुसत्या बघत राहिल्या. मग मागे वळून आत कुणाला तरी हळूच म्हणाल्या, "अगं, ही तर अगदी तुझ्यासारखी दिसते."

"कोण आलंय आजी?" मी विचारलं.

"रंजिता आलीय. चहा घेतेय."

मला हसू आलं. उकाड्याने म्हातारीचं डोकं फिरलं, असं मनात येतंय तोच आतून आवाज आला.

"आजी, साखळी काढू नका. ओळखीचा आवाज आला तरी नाही."

माझा आवाज. मोबाईलवर आपलं बोलणं ऐकलं की परकं वाटतं ना, तसा नाही. मी बोलताना मला ऐकू येतो, तसाच. 'नाही' म्हणताना मी मान झटकते, ती झटकसुद्धा मला त्यात कळली. कशी, ते विचारू नका.

माझं पित्तच खवळलं. "कोण गं तू? ये बाहेर, मग बघते तुला." मी दारावर थाप मारली, तशा आजी दचकून मागे सरकल्या. तेव्हा माझं मला कळलं. दारात आरडाओरडा करणारी बाई आणि आत निवांत चहा पिणारी बाई... त्यांनी कुणाला खरं मानायचं?

मी आवाज खाली आणला. "आजी, मला काहीही विचारा."

आजींनी विचार केला. "गेल्या शनिवारी काय आणलं होतंस?"

"तांदळाचे पापड."

आत कप बशीत ठेवल्याचा आवाज झाला. "शेवग्याच्या शेंगा, आजी. पापड त्याच्या आधी."

"शेंगाच होत्या," आजी म्हणाल्या.

आणि खरंच शेंगाच होत्या हो. आमच्या मागच्या झाडाच्या. मी भिंतीला टेकले.

अंकुशला फोन केला. तो आला, वर्दी बघून आजींनी दार उघडलं. दोन खोल्या, न्हाणीघर, जाळी लावलेली बाल्कनी. कुणी नाही. टेबलावर दोन कप, दोन्ही प्यायलेले.

"आत्ता इथे होती," आजी खुर्चीकडे बघत म्हणाल्या.

"ताई, भास झाला असेल त्यांना," अंकुश मला बाजूला घेऊन म्हणाला.

"आणि मला?"

तो परत एकदा बाल्कनीची जाळी हलवून बघायला गेला.

माझ्या मनाला काही पटेना. त्या घरात आजींना एकटं ठेवायचं, कुणाच्या भरवशावर? म्हटलं, "आजी, चार दिवस माझ्याकडे चला." आल्या बिचाऱ्या. अंकुश त्यांची बॅग घेऊन पुढे उतरला. आजींनी कुलूप लावलं, माझा हात घट्ट धरला आणि आम्ही जिना उतरू लागलो.

बंद दाराआडून आवाज आला. रडवेला.

"आजी... कुणाबरोबर चाललात?"

आजी थांबल्या. माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मी बोलायला गेले, तर माझ्या ओठावर होतं तेच वरून आलं, "आजी, मी रंजिता... माझ्यावर विश्वास नाही का?"

आजींनी हात सोडवून घेतला. कठडा धरत वर गेल्या. कुलूप उघडल्याचं ऐकलं, मग साखळी लावल्याचं. अंकुश बॅग घेऊन परत वर येईपर्यंत मी तिथेच पायरीवर बसून राहिले.

त्यानंतर कितीदा गेले. मला दार उघडत नाहीत. अंकुशला उघडतात, त्याच्याशी हसून बोलतात. वर तोच मला म्हणतो, "ताई, तुम्ही जाता म्हणून आजी सुधारल्या."

परवा भाजीबाजारात दिसल्या. गाल भरलेले, नवं पातळ. मला बघून खुलल्या, लगबगीने येऊन हात धरला आणि कानाशी वाकून म्हणाल्या, "ती बाई शनिवारी परत आली होती गं. दारात बसून रडत होती. पण तू सांगितलंस तसंच केलं, उघडलं नाही."

शनिवारी त्या दारात बसून मी रडले होते.

सांगायला हवं होतं, तिथल्या तिथे. पण आजी इतक्या मायेने बघत होत्या, की माझी जीभच उचलेना.

"बरं केलंत, आजी."

हे मी बोलले का, ते मला अजून नक्की सांगता येत नाही. आवाज माझाच होता.