पहिल्या नव्वदांचा नकार

सह्यगिरी विज्ञानपीठाच्या प्रवेश प्रयोगशाळेत त्या सकाळी पेढे वाटले जात होते. सन २०५८च्या प्रवेशासाठी शंभर विद्यार्थ्यांना जागा देऊ केल्या होत्या आणि शंभराव्याचा होकार आत्ताच आला होता.

"शंभरपैकी शंभर!" कुलगुरू धोपेश्वरकरांनी टेबलावर थाप मारली. "रत्नसागरवाले अठ्ठ्याण्णववर अडकलेत. शाल्मली, हे तुझ्या कलवेधकाचं यश."

देशातल्या विद्यापीठांची क्रमवारी आता होकार-गुणोत्तरावर ठरत असे. देऊ केलेल्या जागांपैकी किती विद्यार्थ्यांनी स्वीकारल्या, हे तिथे पाहिलं जाई. नकार मिळाला की विद्यापीठ खाली घसरे. म्हणून डॉ. शाल्मली वर्तकने कलवेधक बनवला होता. अर्जदाराचा निबंध, आवडीनिवडी, त्याने पाहिलेली व्याख्यानं यांवरून तो आपल्याकडे येण्याची शक्यता कलवेधक टक्क्यांत सांगे. नव्वदच्या खाली असलेल्यांना सह्यगिरी जागा देतच नसे.

पेढा हातात घेऊन शाल्मली होकारांची यादी चाळू लागली आणि थबकली. शंभरांतला सर्वांत वरचा विद्यार्थी प्रवेश परीक्षेत एक्क्याण्णवावा होता.

मग पहिले नव्वद कुठे गेले?

तिने पहिल्या क्रमांकाचा अर्ज उघडला. जिज्ञासा पावरा, धडगाव. भगरीच्या मुळांवर हवेतला नत्र बांधणारे जिवाणू वाढवण्याची पद्धत तिने घरच्या वाफ्यांत शोधली होती. निबंध वाचताना शाल्मलीचा चहा गार झाला. निबंधाखाली आकडा होता : ४६. नकार.

तिने फैयाज मुकादमला फोन लावला. तो तिचा वर्गमित्र. रत्नसागर विद्यापीठाचं तसंच यंत्र त्याने बनवलं होतं.

"जिज्ञासा पावराला तुम्ही घेतलंत ना?"

"छे. आमच्याकडे चव्वेचाळीस टक्के होते. ती तुमच्याकडे जाणार, असं यंत्र म्हणालं."

"आमचं म्हणालं, ती तुमच्याकडे जाणार. फैयाज, तुझं यंत्र आमच्याबद्दल काय गृहीत धरतं?"

"तुम्ही तिला जागा देणारच. पहिल्या क्रमांकाला कोण सोडेल?"

"माझंही तेच गृहीत धरतं."

"म्हणजे जिला दोघांनीही डोळे झाकून घ्यायला हवं होतं..."

"तिच्यापुढे दोन चांगले पर्याय असणार, म्हणून दोघांकडेही तिचे टक्के कमी. मुलगा जितका हुशार, तितका आपला आकडा खाली. यंत्रं चुकली नाहीत. आपण त्यांना प्रश्नच चुकीचा विचारला."

"आता काय करायचं?"

"मी कुलगुरूंकडे जाते. तूही तुमच्या कुलगुरूंना गाठ."

धोपेश्वरकरांनी सगळं ऐकून घेतलं. ते मूर्ख नव्हते.

"समज, आज आपण त्या नव्वदांना जागा दिल्या. रत्नसागरही देईल. मग निम्मी मुलं तिकडे जातील. आपलं गुणोत्तर किती राहील?"

"सत्तरच्या घरात, सर."

"आणि क्रमवारीत आपण?"

"पंधराव्या जागेच्या आसपास."

"मग मला हे सांगू नकोस. फार वाईट वाटतंय, पण सांगू नकोस."

संध्याकाळी फैयाजचा फोन आला. त्यालाही जवळपास त्याच शब्दांत उत्तर मिळालं होतं.

दुसऱ्या दिवशी शाल्मली धडगावला निघाली. जागा देण्याचा अधिकार तिला नव्हता. नकाराचं कारण तरी त्या मुलीला समोर बसून सांगायचं, एवढंच तिने ठरवलं होतं.

घरामागे भगरीचे चार वाफे होते. तिसरा मोकळा होता.

"तो मी उपटून टाकला," जिज्ञासा म्हणाली. "दोन्हीकडून नकार आला, तेव्हा वाटलं, माझा प्रयोगच चुकीचा असणार. एवढे मोठे लोक उगाच कशाला नाही म्हणतील?"

शाल्मली म्हणाली, "तुझं काहीच चुकलं नव्हतं. तू फार चांगली होतीस, म्हणून तुला नाकारलं."

"हे कसलं कारण, मॅडम?"

"खरं आहे ते. आणि ते यंत्र मी बनवलंय."

जिज्ञासा म्हणाली, "मला विचारायचं होतं ना. मी तुमच्याचकडे आले असते."

ओट्यावर बसलेल्या पन्नाशीच्या बाई आता उठून पुढे आल्या. "मी हेमलता गावित. शहाद्याजवळच्या अरुणी विज्ञान संस्थेची प्राचार्या. हिला न्यायला आलेय."

अरुणीचं नाव क्रमवारीत कुठेच नव्हतं. शाल्मलीने विचारलं, "तुम्ही कोणतं यंत्र वापरता?"

"पेन्सिल," गावितबाई म्हणाल्या. "परीक्षेची गुणवत्ता यादी जाहीर असते. तुम्हा दोघांच्या निवड याद्याही जाहीर असतात. गुणवत्ता यादीतून तुम्ही घेतलेली नावं खोडली, तर वरची सलग नव्वद नावं तशीच राहिली! प्रत्येकाला फोन केला. चौऱ्याऐंशी जण येताहेत, सहा जणांचा विचार चाललाय."

शाल्मलीने तो हिशेब मनाशी पुन्हा मांडून पाहिला. देशातली दोन सर्वांत अचूक यंत्रं वर्षभर राबली होती आणि त्यांनी सर्वोत्तम मुलं नेमकी वेगळी काढून या बाईंच्या हाती दिली होती.

"एवढ्या मुलांना शिकवणार कोण?" तिने विचारलं.

"तीच अडचण आहे. दोन जागा रिकाम्या आहेत. तुम्ही याल?"

शाल्मलीने उत्तराआधी फैयाजला फोन लावला आणि तोच प्रश्न त्याला विचारला.

पुढच्या एप्रिलमध्ये सह्यगिरीहून कलवेधक सांभाळणाऱ्या नव्या अभियंत्याचा फोन आला. तो पार गोंधळला होता.

"मॅडम, यंत्र बिघडलंय बहुतेक. यंदाच्या पहिल्या शंभर मुलांपुढे चार टक्के, तीन टक्के असे आकडे दाखवतंय. रत्नसागरलाही विचारलं. त्यांच्याकडेही तसेच आकडे आहेत. मग ही मुलं जाणार तरी कुठे?"

शाल्मलीने खिडकीबाहेर पाहिलं. अरुणीच्या शेतात जिज्ञासा आणि फैयाज गुडघे टेकून भगरीची मुळं धूत होते आणि कशावरून तरी जोरजोरात वाद घालत होते.

"यंत्र ठीक आहे," ती म्हणाली. "तुम्ही त्याला दोनच विद्यापीठांची नावं सांगितली आहेत."